थेफ्ट नव्हे, शॉर्टेज

दशरथ मेश्राम ऑफिसात वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला आणि रेल्वे कॉलनीत अठरा वर्षं माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहिला. जागेपणीचे जितके तास मी बायकोबरोबर काढले नसतील, तितके त्याच्याबरोबर काढले. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं म्हणून बसलोय, पण आधी राग काढून घेतो. निम्मा राग त्याच्यावर आहे आणि निम्मा माझ्यावर.

तो कामठीकडचा, मी भुसावळचा. दोघांनाही रेल्वेने उचललं आणि जयपुरात आणून टाकलं. ऑफिस कोणतं, साहेब कोण, ते सांगणार नाही. पेन्शन अजून तिथलीच खातो. काम असं की व्यापाऱ्यांच्या तक्रारी यायच्या. माल कमी पोचला, पेटी फुटली, गाठोडंच गायब झालं. तक्रार वाचायची, प्रकार कोणता ते ठरवायचं आणि साहेबापुढे इंग्रजीत चार ओळींची नोट ठेवायची. मी त्या चार ओळी चहा पिता पिता उरकत असे. दशरथ मात्र एका शब्दासाठी अर्धा दिवस घालवी.

"पंडितराव," तो म्हणे, "पेटीचं सील तुटलेलं नाही, खिळे जागच्या जागी, पण आतून चिमटी-चिमटीनं माल गेला. याले थेफ्ट कसं म्हणता? हे पिल्फरेज आहे."

"गेला नं माल? मग काहीही लिही."

"काहीही कसं लिहू? उद्या त्या शब्दावर एखाद्याची नोकरी जाईल नं बावा."

हे त्याचं वेड होतं. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, तसे याने चोरांसाठीचे इंग्रजी शब्द जमवले होते. मालकाच्या नकळत उचललं ते थेफ्ट. दार-खिडकी फोडून आत शिरला तो बर्गलर. समोर उभं राहून, धाक दाखवून घेतलं ती रॉबरी. त्यातही चारजण असले तर रॉबरीच, पाचवा आला की कायद्याने डकैती. माल ज्याच्या हवाली केला होता त्यानेच खाल्ला तर मिसॲप्रोप्रिएशन. आणि माल कमी आहे, पण कुणी नेला, कसा नेला, नेला की मुळात आलाच नव्हता, यातलं काहीच ठाऊक नाही, तर शॉर्टेज. हा शॉर्टेज त्याचा सगळ्यात लाडका. म्हणायचा, या शब्दात चोरच नाही.

मी एकदा त्याला डिवचलं. म्हटलं, आपल्या मराठीत काय कमी आहे? चोर आहे, दरोडेखोर आहे, लुटारू आहे, भामटा आहे. तुझ्या इंग्रजांनी तर लूट, डाका आणि ठग हे शब्दसुद्धा आपल्याकडूनच उचलले. याला काय म्हणायचं, थेफ्ट की पिल्फरेज?

एरवी तो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. म्हणाला, "भामटा ही शिवी नाही पंडितराव, ती एक जात होती. तुमच्या लोकांनी तिची शिवी केली. माह्या गावात कोणाची कोंबडी गेली का पाटील पयले माह्या बापाले बोलावे. दोन तास उन्हात बसवून ठेवे. कोंबडी सापडली तरी 'जा' म्हणाले कोणी येत नसे. मराठीत एकदा 'चोर' म्हटलं का संपलं. इंग्रजीत आधी विचारा लागते. दार फुटलं का? मानूस घरात होता का? किती जन होते? विचारल्याशिवाय शब्दच लिहिता येत नाही."

दोन दिवसांनी मला सुचलं की ज्यांच्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्माबरोबर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तेही इंग्रजच होते, आणि तेव्हा त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. पण हे त्याला बोलून दाखवलं नाही. त्याने आयुष्यभर जपलेल्या गोष्टीला उगाच कशाला धक्का लावायचा, असं वाटलं. आता वाटतं, लावायला हवा होता.

रविवारी सकाळी त्याच्या व्हरांड्यात कॉलनीतल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरे. फी नव्हती. जुन्या पत्र्याला काळा रंग देऊन त्याने फळा केला होता. मुलं हिंदीत वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. पण चोरांचे शब्द सगळ्यांना तोंडपाठ, कारण दशरथ ते करून दाखवायला लावी. मालक व्हायला सगळे तयार असत, चोर व्हायला कुणी उठत नसे. मग त्याची मुलगी प्रतिमा उठायची. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, बापासारखी रुंद कपाळाची. कधी खिडकीतून आत शिरायची, कधी हातात पोळपाटावरचं लाटणं घेऊन "हँड्स अप" म्हणायची. मुलं ओरडून शब्द सांगायची. आणि प्रत्येक वेळी दशरथ हात वर करून त्यांना थांबवी.

"आधी विचारा," म्हणे. "तिले विचारा, तू काय केलं. मग शब्द सांगा."

मुलं विचारायची. प्रतिमा कंबरेवर हात ठेवून उत्तरं द्यायची. माझी बायको गिरिजा कुंपणापलीकडून म्हणायची, मेश्रामांच्या पोरीला दुसरं काही शिकवा, सारखी काय ती चोर होते.

हीच मुलगी पुढे बी.ए. झाली आणि आमेरच्या रस्त्यावरच्या चंद्रलेखा एम्पोरियममध्ये नोकरीला लागली. परदेशी पाहुण्यांना कापडावर सांगानेरी छपाई कशी करतात, निळ्या झिलईची भांडी कशी घडतात, ते इंग्रजीत समजावून सांगायचं. चांदीचा काउंटर तिच्याकडे होता, त्याची किल्लीही. त्या दिवशी दशरथने ऑफिसात पेढे वाटले. आमच्या साहेबाच्या मुलीला तिथेच नोकरी नाकारली होती, आणि हे त्याने साहेबाला पेढा देताना ऐकवलं. एवढा खट्याळपणा मी त्याच्यात पुन्हा पाहिला नाही.

शहाऐंशी सालच्या एप्रिलमधली गोष्ट. अठरा-एकोणीस तारीख असेल. दुपारी दुकानातून ऑफिसात फोन आला. दशरथने ऐकून घेतला, रिसीव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "पंडितराव, माह्यासोबत चला. पोरीवर काहीतरी आलं."

चंद्रलेखाचे मालक नंदकिशोरजी मागच्या खोलीत गादीवर बसले होते. पांढरे कपडे, गळ्यात स्फटिकांची माळ, बोलणं साखरेत घोळलेलं. आदर्श नगरात त्यांचा बंगला होता आणि कुणाशीही बोलताना तो दुसऱ्या वाक्यात यायचा. प्रतिमा दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. आम्ही आत गेलो तेव्हा तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. दशरथने तिच्याकडे पाहिलं न पाहिलं आणि तो थेट गादीसमोर जाऊन बसला.

नंदकिशोरजींनी आमच्यासाठी चहा मागवला. काउंटरमधली मीनाकारी केलेली चांदीची एक जुनी डबी नाहीशी झाली होती. "देखिए मेश्रामजी," ते म्हणाले, "प्रतिमा हमारी बेटी जैसी है. पुलिस का नाम हम नहीं लेंगे. बस दो लाइन लिखकर दे दे, और कल से न आए. बात यहीं खत्म."

दोन ओळी त्यांनी आधीच टाइप करून ठेवल्या होत्या. दशरथने चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि वाचला. मला त्यातला एकच शब्द दिसला, कारण दशरथचं बोट त्याच्यावर जाऊन थांबलं होतं. थेफ्ट.

त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं आता हा उठेल, कागद फाडेल, त्या माळेला हात घालेल. तो म्हणाला, "थेफ्ट? हा शब्द इथे लागूच होत नाही."

इथून पुढचा पाऊण तास मला आजही आठवायला नको वाटतो. दशरथ मेश्राम त्या दिवशी जितकं सुंदर बोलला तितकं कधीच बोलला नसेल. हिंदीत, इंग्रजीत, मध्येच मराठीत. किल्ली मुलीकडे होती, म्हणजे माल तिच्याच हवाली होता, मग मालकाच्या ताब्यातून नेला असं कसं म्हणता, म्हणून थेफ्ट नाही. मिसॲप्रोप्रिएशन म्हणाल तर तिने तो स्वतःसाठी वापरला याला पुरावा काय? पिल्फरेज म्हणाल तर ते थोडंथोडं जातं, ही तर अख्खी डबी आहे. नंदकिशोरजी आधी कंटाळले, मग गोंधळले. एकेक शब्द खोडला जात होता. प्रत्येक शब्द खोडला की दशरथ थोडा सरळ होऊन बसत होता. मीही मान डोलवत होतो. मध्येच प्रतिमा "बाबा" म्हणाली. दशरथने मागे न पाहता हात वर केला. वर्गात मुलांना थांबवायला करायचा तसाच.

शेवटी कागदावर उरलं ते असं: माझ्या ताब्यातील मालात शॉर्टेज आढळलं, त्याची जबाबदारी स्वीकारून मी राजीखुशीने नोकरी सोडते. "शॉर्टेज" त्याने स्वतः सुचवला होता. मालक म्हणाले, ठीक है, आप जो कहें. दशरथने खिशातलं पेन काढून नवा मसुदा लिहिला. मूळ कागदात डबी गेल्याची तारीख 'चौदा एप्रिल' अशी होती. ते त्याला खटकलं. सरकारी पत्रात चालू महिन्याला इन्स्टंट म्हणतात. त्याने 'चौदा एप्रिल' खोडलं आणि सुवाच्य अक्षरात 'चौदा इन्स्टंट' लिहिलं. मला दाखवून म्हणाला, "हे बरोबर."

मीही म्हटलं, बरोबर.

कागद पुन्हा टाइप होऊन आला. दशरथने पेन मुलीच्या हातात दिलं. तिने सगळं सावकाश वाचलं. मग विचारलं, "बाबा, साइन करू?"

"कर, कर. आता त्याच्यात काहीच नाही राहिलं."

तिने सही केली. त्याच्यासारखीच, अक्षर न् अक्षर लागणारी सही.

बाहेर रखरखीत ऊन होतं. दशरथ बस स्टॉपपर्यंत जवळजवळ नाचत आला. उसाचा रस घ्यायचा म्हणाला. मला सांगत होता, त्यांनी थेफ्ट लिहिलं होतं पंडितराव, थेफ्ट, आणि मी त्याचं काय करून टाकलं पाहिलं नं. गाड्यावर तीन ग्लास घेतले. प्रतिमाने ग्लास हातात धरला, प्यायली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "चौदा तारीख को मी दुकानात होतेच कुठे?"

"म्हणजे?"

"जयंती होती ना. मी तुमच्यासोबत होते. मी स्पीच दिलं."

रसाचा चरक कुरकुरत होता. मी ग्लास गाड्यावर ठेवला. त्या दिवशी कॉलनीच्या मैदानात बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून आमच्या कॉलनीची जयंती झाली होती. पांढरी साडी नेसून प्रतिमाने इंग्रजीत भाषण केलं होतं. भाषण दशरथने लिहून दिलं होतं. खुर्च्या मी मांडल्या होत्या. चौदा एप्रिल ही तारीख त्या घरात दिवाळीहून मोठी. त्या एका दिवसासाठी वहिनी, म्हणजे दशरथची बायको इंदुबाई, महिनाभर आधी घराला चुना द्यायच्या. त्या सुट्टीचा अर्जही दशरथनेच इंग्रजीत लिहून दिला होता. काउंटरची किल्ली प्रतिमाने आदल्या संध्याकाळी मालकाच्या पुतण्याकडे दिली होती. आणि ती तारीख दशरथने अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या पेनाने खोडून सुधारली होती.

"मंग तू बोलली काहून नाही?" तो ओरडला. आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले.

प्रतिमा हळू आवाजात म्हणाली, "मी रुकले होते. मला लगा, तुम्ही विचाराल. मतलब, आधी विचारता ना तुम्ही. वर्गात."

मी दुसरीकडे पाहिलं. खरं सांगतो, आणि लाज सोडून सांगतो: मलाही वाटलं होतं की तिने डबी घेतली असणार. दुकानाकडे येताना बसमध्ये चढलो तेव्हाच मी ते मनात धरलं होतं. तरुण मुलगी, डोळ्यांसमोर चांदी, झाली असेल चूक. मीसुद्धा तिला विचारलं नाही. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर, आणि मी तिथे बसून शब्दांना माना डोलवत होतो.

दशरथ तसाच मागे धावला. मी गेलो त्याच्यामागे. नंदकिशोरजी त्याच गादीवर, त्याच शांतपणे बसले होते. सुट्टीचा अर्ज? मेश्रामजी, ऐसे कागज हम कहाँ रखते हैं. पुतण्या? वह तो हमारे घर का लडका है. मग त्यांनी सही केलेला कागद घडी घालून गल्ल्यात टाकला. म्हणाले, "और शॉर्टेज तो आपने ही लिखवाया. हमने तो बेटी को चोर कहा ही नहीं."

डबी कुणी घेतली, मला आजही ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची कुणालाच गरज उरली नव्हती. ज्या शब्दात चोर नाही म्हणून दशरथला तो आवडायचा, त्या शब्दापायी आता चोर शोधायचं कारणही संपलं होतं. प्रतिमा दुसऱ्या तीन एम्पोरियममध्ये जाऊन आली. तिन्ही ठिकाणी तिचं इंग्रजी ऐकून बसायला खुर्ची दिली आणि आधीच्या दुकानाचं नाव ऐकून कळवतो म्हणाले. कॉलनीत उघड कुणी काही बोललं नाही. फक्त रविवारी मुलं येईनाशी झाली. पुढच्या रविवारी दोन आली, त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. फळा व्हरांड्यातच होता. वहिनींनी नंतर तो कोळशाच्या पोत्यावर झाकण म्हणून ठेवला.

घरात प्रतिमा बापाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी गिरिजाजवळ म्हणाल्या. ती त्याला जेवायला वाढायची, चष्मा शोधून द्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. आणि दशरथ काही विचारतच नव्हता. ऑफिसात तो फायलीत डोकं घालून बसे. एक दिवस त्याने एका तक्रारीवर नुसतं 'माल गेला' असं मराठीत लिहून फाइल पुढे सरकवली. साहेबाने मला बोलावून विचारलं, मेश्रामला बरं नाही का? मी नोट पुन्हा लिहून दिली. शब्द कोणता घातला, आठवत नाही.

जूनमध्ये तिला नागपूरला मावशीकडे पाठवायचं ठरलं. तिथे शाळेत शिकवायची जागा होती आणि लग्नाचं एक स्थळही होतं. वहिनींनी दोन पिशव्या भरून दिल्या आणि दारातच रडून घेतलं. स्टेशनवर दशरथ आणि मी गेलो. सकाळची सवाई माधोपूरची छोट्या लाइनीची गाडी होती. तिथून पुढे प्रतिमाला मोठ्या लाइनीची गाडी पकडायची होती. दशरथने सामान चढवलं, पाण्याची सुरई खिडकीशी ठेवली, शेजारच्या बाईला मुलीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मग खाली उतरून खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. मला वाटलं, आता माफी मागेल. दोन महिने त्याच्या ओठांवर काहीतरी येत होतं, ते मी रोज पाहत होतो. मागू दे, म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

गार्डने शिट्टी दिली. दशरथने घसा खाकरला.

"प्रतिमा," तो म्हणाला, "तू डबी घेतली नव्हती नं?"

त्याचं तोंड दाबावंसं वाटलं. सगळं ठाऊक असताना, तारीख ठाऊक असताना, हा माणूस आत्ता विचारत होता. त्याच्या मते राहून गेलेलं काम तो पुरं करत होता. नियमच होता त्याचा, आधी विचारायचं. तो उशिरा का होईना पाळत होता.

प्रतिमाने त्याच्याकडे पाहिलं. व्हरांड्यात दोन वेण्या घालून, कंबरेवर हात ठेवून उत्तरं देणारी पोर मला त्या क्षणी दिसली, आणि तिला परत कधी पाहता येणार नाही हेही कळलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

गाडी हलली. तिने खिडकीची काच खाली ओढली. जूनचा उकाडा होता, सगळ्या डब्याच्या खिडक्या उघड्या होत्या.

त्यानंतर तिची पत्रं आली ती सगळी आईच्या नावाने, हिंदीत. लग्नाला दशरथ गेला, परत आला, फोटो दाखवले. त्यात ती बापाच्या शेजारी उभी आहे, दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा आहे. पण ते नंतरचं. त्या दिवशी स्टेशनातून आम्ही पायीच कॉलनीत परतलो. दशरथ सारखा माझा दंड धरत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं.

"विचारलं मी तिले, पंडितराव," तो म्हणत होता. "तुमच्यासमोर विचारलं. नाही म्हणाली."